गर्भातील बाळ आणि मद्य : न विचारलेला एक प्रश्न

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त खांदा कॉलनी येथे झालेल्या आरोग्य व्याख्यानमालेत एका बालरोगतज्ज्ञ भगिनींनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पन्नास वर्षे हा संस्थेच्या आयुष्यातील मोठा टप्पा आहे. या काळात आपल्या ट्रस्टने केलेल्या धर्मकार्याविषयी आणि समाजकार्याविषयी अधिकारी व्यक्ती या स्मरणिकेत लिहितीलच. माझ्याकडे आलेले काम लहान आहे. माता आणि बालकांच्या आरोग्याविषयी काही बोलावे, असे मला सांगण्यात आले. मी विषय कळवला तेव्हा दूरध्वनीवर क्षणभर शांतता पसरली. मग पलीकडील ज्येष्ठ गृहस्थ अत्यंत सौजन्याने म्हणाले, "ताई, विषय चांगला आहे, पण आपल्या समाजात त्याची गरज काय? आपल्या घरांत दारू नसतेच."

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मद्यपान हे सप्त व्यसनांपैकी एक असून त्याच्या त्यागाचे संस्कार आपल्या मुलांना पाठशाळेत जाण्याच्या वयापासून मिळतात. देशाची आकडेवारीही पाहावी. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात पंधरा वर्षांवरील १.३ टक्के स्त्रिया मद्य घेतात, तर पुरुषांमध्ये हे प्रमाण १८.८ टक्के आहे. मग हा विषय कशासाठी? याचे उत्तर देण्यापूर्वी मला माझीच एक चूक आपल्यासमोर सांगावयाची आहे.

दारापाशी थांबलेली आई

काही वर्षांपूर्वी सात वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे येत असे. ओळख पटेल असा कोणताही तपशील मी सांगणार नाही. मुलगा गोड, बोलका, पण एका जागी दोन मिनिटे न बसणारा. काल पाठ झालेला पाढा आज विसरलेला असे. शाळेतून रोज तक्रार येई. घरातील मंडळी आळशी म्हणत, आजी हट्टी म्हणे. मी त्याची उंची, वजन, डोक्याचा घेर, दृष्टी आणि श्रवण तपासले. प्रसूती कशी झाली, बाळ लगेच रडले का, कावीळ झाली होती का, हे सारे आईला विचारले. आमच्या नोंदपत्रिकेत आणखी एक रकाना असतो : गरोदरपणात आईने मद्य किंवा तंबाखूचे सेवन केले होते का? तो मी रिकामाच ठेवला. समोर सुसंस्कृत, व्रतस्थ कुटुंब बसले होते. सासूबाईंच्या देखत असा प्रश्न विचारणे मला असभ्यपणाचे वाटले.

तिसऱ्या भेटीच्या अखेरीस मुलगा आजीबरोबर बाहेर गेला आणि आई दारापाशी थांबली. हलक्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर, मला दिवस गेले आहेत हे कळण्याआधी ऑफिसच्या पार्ट्यांमध्ये मी तीन-चार वेळा वाइन घेतली होती. कळल्यावर एक थेंबही घेतला नाही. हा असा त्यामुळेच झाला का?" ही गोष्ट तिने पतीलाही सांगितली नव्हती. गरोदरपणात तपासणाऱ्या डॉक्टरांनी विचारले नाही आणि तिचे धाडस झाले नाही. सात वर्षे हा प्रश्न ती एकटी वाहत होती.

"होय" किंवा "नाही" असे उत्तर मी तिला देऊ शकले नाही. मुलाच्या चंचलपणाची कारणे अनेक असतात आणि तेवढ्या सेवनानेच असे घडले, हे कोणीही प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही. मात्र मी तो प्रश्न पहिल्याच भेटीत एकांतात विचारला असता, तर मुलाच्या तपासणीची दिशा लवकर ठरली असती आणि त्या माउलीचे ओझे थोडे हलके झाले असते. आजचे माझे बोलणे त्या रिकाम्या रकान्याविषयी आहे.

गर्भात काय घडते?

आई आणि बाळ यांच्यामध्ये वार असते. पूर्वी अशी समजूत होती की वार ही भिंतीसारखी असून अपायकारक पदार्थ ती अडवून धरते. मद्याच्या बाबतीत ही समजूत साफ खोटी ठरली आहे. मद्यातील अल्कोहोलचा रेणू अतिशय लहान असतो आणि तो पाण्यात तसाच स्निग्ध पदार्थातही सहज मिसळतो. त्यामुळे तो वारेतून विनासायास पार होतो. थोड्याच वेळात बाळाच्या रक्तातील अल्कोहोलचे प्रमाण आईच्या रक्तातील प्रमाणाच्या जवळपास पोहोचते. आईचे यकृत प्रौढ असल्यामुळे अल्कोहोलचा निचरा करू शकते. बाळाच्या यकृतात ती शक्ती आलेली नसते. शिवाय अल्कोहोल गर्भजलात साठते आणि बाळ ते गर्भजल पुन्हा गिळत असते. आईच्या दृष्टीने जो प्रसंग संपलेला असतो, तो बाळाच्या दृष्टीने आणखी काही काळ चालूच राहतो.

गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत हृदय, हातपाय, डोळे आणि चेहऱ्याची ठेवण यांची मांडणी होते. नेमक्या याच काळात अनेक स्त्रियांना आपण गरोदर आहोत याची पुरती जाणीवही नसते. मेंदूची घडण मात्र पूर्ण नऊ महिने चालू राहते. मेंदूच्या पेशी निर्माण होतात, आपापल्या ठिकाणी प्रवास करून जातात आणि तेथे एकमेकींशी जोडल्या जातात. अल्कोहोल या तिन्ही टप्प्यांत विघ्न आणते. काही पेशी मरतात, काही चुकीच्या ठिकाणी पोहोचतात, काहींची जोडणी अपुरी राहते. म्हणून "पहिले तीन महिने सांभाळले, आता हरकत नाही" हे म्हणणे चुकीचे आहे. त्याचप्रमाणे "सुरुवातीला चूक झाली, आता थांबून काय उपयोग" हेही तितकेच चुकीचे आहे. ज्या दिवशी मद्य थांबते, त्या दिवसापासून बाळाचा लाभच होतो.

सर्व बाळांवर सारखाच परिणाम होत नाही. आई किती घेते, एका वेळी किती घेते, तिचे पोषण कसे आहे, आई व बाळाची आनुवंशिक घडण कशी आहे, यावर ते अवलंबून असते. एकाच गर्भाशयात वाढलेल्या दोन जुळ्या भावंडांपैकी एकावर अधिक आणि दुसऱ्यावर कमी परिणाम झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्राने नोंदवली आहेत. एका वेळी पुष्कळ मद्य घेणे हे सर्वांत घातक होय. परंतु कमीत कमी अमुक इतके सुरक्षित, अशी रेषा आजवर कोणालाही आखता आलेली नाही.

हे ज्ञान कसे आले?

आश्चर्य वाटेल, पण हे ज्ञान फार जुने नाही. १९६८ साली फ्रान्समधील नांत येथील डॉक्टर पॉल लेमोआन यांनी मद्यपी माता-पित्यांच्या १२७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, पण तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९७३ साली अमेरिकेतील सिएटल येथील केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ या डॉक्टरांनी अशा मुलांमधील समान लक्षणे एकत्र मांडून त्या विकाराला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' असे नाव दिले. १९८१ साली अमेरिकेच्या शासनाने गर्भवतींना मद्याविषयी अधिकृत इशारा दिला आणि १९८९ पासून तेथील प्रत्येक बाटलीवर तो छापणे बंधनकारक झाले. गरोदरपणाच्या नऊ महिन्यांची आठवण म्हणून दरवर्षी नवव्या महिन्याच्या नऊ तारखेला, म्हणजे ९ सप्टेंबरला, या विकाराविषयी जागृतीचा दिवस जगभर पाळला जातो.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाचा अंदाज असा आहे की जगातील सुमारे दहा टक्के गर्भवती मद्य घेतात. गरोदरपणात मद्य घेणाऱ्या दर ६७ मातांपैकी एकीच्या बाळाला या विकाराचे पूर्ण स्वरूप प्राप्त होते. सौम्य स्वरूपाचे परिणाम याहून पुष्कळ अधिक.

आपल्या देशात २०१८ च्या नियमांनुसार मद्याच्या बाटलीवर दोन गोष्टी छापणे सक्तीचे झाले : मद्यपान आरोग्यास घातक आहे आणि मद्य घेऊन वाहन चालवू नये. या इशाऱ्यात रस्त्यावरील माणसाची काळजी आहे. गर्भातील बाळाचा उल्लेख त्यात नाही.

मुलामध्ये काय दिसते?

विकाराचे पूर्ण स्वरूप असलेल्या बाळाचे वजन आणि उंची कमी असते, डोके लहान असते. डोळ्यांच्या फटी आखूड, वरचा ओठ पातळ आणि नाक व ओठ यांमधील उभी पन्हळ सपाट असते. परंतु बहुसंख्य मुलांच्या चेहऱ्यावर काहीही दिसत नाही. त्यांचा त्रास वागण्यात आणि शिकण्यात प्रकट होतो, आणि म्हणूनच तो ओळखला जात नाही.

तान्हे बाळ सारखे किरकिर करते, नीट ओढून दूध पीत नाही, त्याची झोप मोडते. पुढे बोलणे उशिरा येते. शाळेत लक्ष टिकत नाही, गणित विशेष जड जाते, आज आलेले उद्या विसरले जाते. एका कृतीचा परिणाम काय होईल, हे अशा मुलास पटकन उमजत नाही. त्यामुळे तेच मूल तीच चूक पुन्हा करते आणि पुन्हा शिक्षा भोगते. घरात त्याला द्वाड म्हणतात. वास्तविक त्याच्या मेंदूला ते जमत नसते.

ही लक्षणे इतरही अनेक कारणांनी होतात, हे मी आवर्जून सांगते. हे ऐकून कोणीही घरी जाऊन कोणत्याही सुनेकडे संशयाने पाहू नये. निदान हे तज्ज्ञांचे काम आहे.

या विकारावर मेंदू पूर्ववत करणारे औषध नाही. पण करण्यासारखे पुष्कळ आहे. सिएटलच्याच संशोधकांना असे आढळले की ज्या मुलांचे निदान वयाच्या सहा वर्षांपूर्वी झाले आणि ज्यांना मारहाण नसलेले, प्रेमळ, स्थिर घर मिळाले, त्यांचे पुढील आयुष्य पुष्कळच सावरले. रोजचा ठरलेला दिनक्रम, एका वेळी एकच सूचना, चित्रांच्या साहाय्याने शिकवणे आणि शिक्षकांना विश्वासात घेणे यांचा उपयोग होतो. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात पालघर येथून सुरू झाला. बौद्धिक दिव्यांगजनांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आपल्या शेजारी खारघरला आहे. शंका आली तर वाट पाहू नका, एवढीच विनंती.

मद्य घरात कोणत्या वाटांनी येते?

आता त्या ज्येष्ठ गृहस्थांच्या प्रश्नाकडे येते. आपल्या घरात दारू नसते, हे खरे. पण मद्य आत येण्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट प्रतिष्ठेची. आपल्या मुली आणि सुना आज शिकून मोठ्या कंपन्यांत काम करतात, खांदेश्वर स्थानकावरून रोज मुंबई-नवी मुंबईला जातात, परदेशीही राहतात. त्यांचा आपल्याला अभिमान आहे. अशा ठिकाणी वाइन ही दारू नसून द्राक्षांचा रस आहे, बिअर हे थंड पेय आहे, असे सहज सांगितले जाते. थोडा हिशेब करू. वाइनचा दीडशे मिलिलिटरचा एक पेला, बिअरची एक लहान बाटली आणि व्हिस्कीचे पंचेचाळीस मिलिलिटर या तिन्हींत शुद्ध अल्कोहोल जवळपास सारखेच, म्हणजे साधारण सतरा ते एकोणीस मिलिलिटर असते. वार द्राक्ष आणि धान्य असा भेद करीत नाही.

दुसरी वाट औषधाची. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आपल्या परिचयाचा आहे. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा मुख्यतः वैध ठरवला, परंतु अल्कोहोल असलेल्या औषधांवर आणि प्रसाधनांवर घातलेली बंदी रद्द केली. औषधांची गरज लक्षात घेता ते योग्यच होते. पण त्यामुळे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते की दारूच्या दुकानात जे मिळते तेवढेच मद्य नव्हे.

आयुर्वेदातील आसवे आणि अरिष्टे गूळ व धायटीची फुले घालून आंबवून तयार होतात आणि त्या प्रक्रियेत त्यांत आपोआप अल्कोहोल निर्माण होते. बाळंतिणीला दिले जाणारे दशमूलारिष्ट घ्या. त्यात साधारणपणे पाच ते दहा टक्के अल्कोहोल असते आणि बाटलीवर बारीक अक्षरांत तसे छापलेलेही असते. कृपया घाबरू नये. दिवसाच्या दोन मात्रांत मिळून ते दोन-अडीच मिलिलिटर भरते, वाइनच्या पेल्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतके. ज्या माता-आज्यांनी ते घेतले, त्यांनी काही पाप केलेले नाही. पण ते बाळंतपणानंतरचे औषध आहे. 'शक्तीचे आहे' म्हणून गरोदर सुनेला ते स्वतःच्या मनाने देऊ नये. अंगावर पाजणाऱ्या मातेनेही वैद्यांना विचारूनच घ्यावे, कारण आईच्या रक्तात जेवढे अल्कोहोल असते जवळजवळ तेवढेच तिच्या दुधात उतरते. दशमुळांचा साधा, न आंबवलेला काढाही असतो. त्याविषयी वैद्यांना जरूर विचारावे. खोकल्याची काही औषधे, टॉनिके आणि होमिओपॅथीचे द्रवरूप थेंब यांचेही लेबल वाचावे.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर ही वाट पूर्ण बंदच हवी. पडसे झाले की जिभेला ब्रँडीचे दोन थेंब लावण्याची पद्धत अजूनही काही घरांत आहे. ब्रँडीने ऊब येते ही समजूत खोटी आहे. अल्कोहोलमुळे त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीरातील उष्णता उलट बाहेर जाते. लहान बाळाच्या रक्तातील साखरही त्यामुळे धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. १८५१ साली इंग्लंडमध्ये विल्यम वुडवर्ड यांनी तयार केलेल्या आणि पुढे भारतातही घरोघरी पोहोचलेल्या ग्राइप वॉटरच्या मूळ पाककृतीत अल्कोहोल होते. ब्रिटनमध्ये ते १९९२ साली काढून टाकण्यात आले. कित्येक पिढ्या बाळ शांत झोपले म्हणून माता संतुष्ट होत्या. ते का झोपते, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

तिसरी वाट मौनाची, आणि माझ्या मते तीच सर्वांत रुंद. ज्या घरात मद्य सर्रास चालते, तेथे डॉक्टर प्रश्न विचारतात आणि स्त्री उत्तर देते. ज्या घरात मद्य निषिद्ध आहे, तेथे डॉक्टर विचारीत नाहीत आणि स्त्री सांगू शकत नाही. म्हणजे जे व्रत बाळाचे रक्षण करण्यासाठी सर्वांत समर्थ आहे, त्याच व्रताच्या भोवती उभ्या राहिलेल्या भीतीमुळे एखादी मुलगी तपासणीलाच उशिरा येते.

आपण काय करू शकतो?

आपल्यापैकी अनेकांनी पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन ऐकले असेल. आईला वेदना होऊ नयेत म्हणून गर्भस्थ वर्धमानांनी आपली हालचाल थांबवली. त्रिशलामातेला वाटले, गर्भाला काही झाले, आणि ती शोकाकुल झाली. तिचे दुःख जाणून त्यांनी पुन्हा किंचित हालचाल केली. आईच्या आणि गर्भाच्या सुखदुःखाचे इतके सूक्ष्म नाते आपल्या परंपरेने ओळखले आहे. आईचे मन भयाने व्याकूळ ठेवून बाळाचे कल्याण साधता येत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

म्हणून माझ्या काही विनंत्या आहेत. विवाहापूर्वी आपण मुलामुलींचे शिक्षण आणि व्यवसाय यांची चौकशी करतो. त्याच सहजतेने मूल होऊ देण्याचा विचार ज्या दिवशी सुरू होईल त्या दिवसापासून दोघांनीही मद्य पूर्ण वर्ज्य करावे, हे नवदांपत्यास स्पष्ट शब्दांत सांगावे. 'दोघांनी' हा शब्द मी जाणूनबुजून वापरते. पती पीत असेल तर पत्नीने एकटीने नकार देणे कठीण होते. सर्वेक्षणाचा मघाचा आकडा पाहता पहिली जबाबदारी कोणाची, हे पुरुषवर्गाने ओळखावे.

सासूबाईंना विनंती की सुनेच्या तपासणीच्या वेळी काही मिनिटे स्वतःहून बाहेर बसा. "डॉक्टरांशी मोकळेपणी बोल गं" एवढे एक वाक्य बोला. त्या चार शब्दांचे मोल कोणत्याही टॉनिकहून अधिक आहे. डोहाळजेवणात ओटी भरताना औषधांच्या फळीवरील बाटल्यांची लेबलेही एकदा वाचून काढा.

ज्या मुलीकडून अजाणता चूक घडली असेल, तिला सांगते : बाळा, घाबरू नकोस. कळण्यापूर्वी घेतलेल्या थोड्या मद्यानंतर जन्मलेली बहुतेक बाळे सुदृढ असतात. आजपासून थांब, डॉक्टरांना खरे सांग, पोषक आहार घे, ठरलेल्या तपासण्या चुकवू नकोस. थांबणे जमत नसेल तर तो आजार आहे. एकाएकी थांबण्यानेही त्रास होऊ शकतो, म्हणून वैद्यकीय मदतीनेच थांब.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना व मला स्वतःला सांगते की आडनाव, वेश, धर्म पाहून रकाना रिकामा ठेवू नये. प्रत्येक मातेला, एकांतात, एकाच स्वरात विचारावे. सर्वांनाच विचारले की कोणाचाच अपमान होत नाही.

त्या मुलाविषयी आपल्या मनात प्रश्न असेल. त्याच्यासाठी विशेष शिक्षिकेची मदत घेतली, दिनक्रम बांधून दिला, शाळेशी बोलणे झाले. गणित आजही त्याला जड जाते. मात्र चित्र काढायला बसला की तो तासभर हलत नाही. त्याच्या आईने पुढे पतीला सारे सांगितले. "एवढी वर्षे एकटी का राहिलीस?" असे तो म्हणाला, एवढेच तिने मला कळवले.

मद्याचा त्याग हा आपल्या पूर्वजांनी दिलेला ठेवा आहे आणि गर्भातील बाळाच्या दृष्टीने आधुनिक वैद्यकशास्त्र आज नेमके तेच सांगत आहे. तो ठेवा आपण जपूच. त्याग मद्याचा असावा, चुकलेल्या लेकीचा नसावा. तिला बोलता येईल इतकी जागा आपल्या घरांत राहो, हीच या सुवर्ण महोत्सवी वर्षात माझी प्रार्थना.

त्या मातेला मी वेळेवर प्रश्न विचारला नाही, याबद्दल, आणि आज माझ्या बोलण्याने कोणाचे मन दुखावले असेल तर त्याबद्दलही, मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!